तळटीप २७ : ताबी

२७. ताबी : निजामी तेलंगणातील महसुली कागदांत भाताच्या दोन हंगामांची नावे येतात. पावसाळ्यात लावलेले पीक ते आबी. तलावातल्या साठ्यावर हिवाळ्यात लावून ऐन उन्हाळ्याच्या तोंडी कापलेले ते ताबी. हैदराबादेत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस होतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुढचे महिने कोरडे. भूमध्यसागरी मुलखातही उन्हाळा कोरडाच, मात्र तिथला पाऊस हिवाळी. ऑलिव्हसारखी चिवट झाडे तिथे उन्हाळा काढतात. इथे ग्रॅनाइटवर लाल मातीचा पातळ थर असतो आणि त्यात ओल टिकत नाही, त्यामुळे बांध घालून पाणी अडवण्यावाचून गत्यंतर नव्हते. काकतीयांपासून चालत आलेली ही तलावांची विद्या दख्खनच्या शेतीतली फार मोलाची ठेव आहे. लेखकाच्या ‘त्या साली ताबी गेली’ या वाक्यावरून पीक पुरात वाहून गेले असे समजू नये. तलावात पाणी न उरल्याने लावणीच झाली नाही, असा त्याचा अर्थ.

याच परिच्छेदातले हिमायतनगर म्हणजे हैदराबाद शहरातली वस्ती, नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव नव्हे. सोळाव्या शतकात इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळी बांधलेला हुसेनसागर तिथून जवळच आहे. हिमायतसागर मात्र निराळा : मुशीच्या १९०८ च्या महापुरानंतर ईसा नदीवर बांधलेला, १९२७ साली पूर्ण झालेला, शहराच्या नैऋत्येचा जलाशय.