ऱ्हायनीचा दगड

पाण्यातले जीव जमिनीवर आले, हे वाक्य शाळेत आपण एका दमात वाचतो आणि पुढे जातो. पण आले म्हणजे नेमके कसे आले? याचे उत्तर बऱ्याच अंशी एका दगडात मिळते.

स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाचे छोटे गाव आहे. १९१२ च्या सुमारास विल्यम मॅकी नावाचे डॉक्टर तिथले खडक तपासत हिंडत होते. पेशा रुग्णांचा, छंद दगडांचा! गारगोटीसारख्या काही दगडांच्या पातळ चकत्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तर आत वनस्पतींचे देठ, पेशीन् पेशी शाबूत.

सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्यांतले सिलिकायुक्त पाणी दलदलीत पसरले आणि वनस्पती कुजण्याआधीच त्यांचा दगड झाला. किडस्टन आणि लँग या अभ्यासकांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांचे बारकाईने वर्णन केले. जमिनीवर पहिले पाऊल याच्याही कितीतरी आधी पडले होते. पण इतका स्पष्ट पुरावा त्याआधीचा नाही.

बहुतेक वनस्पती म्हणजे वीतभर उंचीचे नुसते देठ. पान नाही, फूल नाही, खरे मूळही नाही. मात्र वाळू नये म्हणून अंगावर मेणचट पापुद्रा आहे. तोच घट्ट लपेटला तर श्वास कोंडणार, म्हणून त्यात रंध्रे आहेत. देठाच्या मधोमध पाणी वर नेणाऱ्या पेशी आहेत.

मला विचाराल तर खरी नवलाई बुरशीची. मुळे नसताना जमिनीतली खनिजे मिळवायची कशी? १९९४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की या देठांच्या पेशींत शिरून झुडपासारखी फांदलेली बुरशी राहत होती. तिची भावंडे आजही बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत असतात. फॉस्फरस पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. ‘वनस्पतींनी जमीन जिंकली’ असे लिहायची आपली सवय मला म्हणूनच पटत नाही. ही भागीदारी होती.

प्राणीही होतेच. कोळ्यांच्या नात्यातले काही तर बीजाणूंच्या रिकाम्या पिशव्यांत दडलेले सापडले. त्यांच्या पोटात वहीच्या पानांसारख्या घड्यांची फुप्फुसे आहेत. विंचवाची आजही तशीच असतात.

ऱ्हायनीला गेलात तर यातले काही दिसणार नाही. तो थर शेतजमिनीखाली आहे. चर खणून किंवा छिद्रे पाडूनच नमुने काढावे लागतात.