उन्हाळी सुटी आणि ढिवराचा डोंगा

वसईच्या किंवा मुंबईच्या आप्तांकडे उन्हाळी सुटीत जाऊन आलेली आमची मुले परतल्यावर एकच प्रश्न विचारतात, नागपूरला समुद्र का नाही? समुद्र नाही हे खरे. पण पाणी आहे. अंबाझरी, तेलंगखेडीचा फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा आणि शुक्रवारी तलाव म्हणजेच आजचे गांधीसागर, अशी तलावांची मालिकाच या नगरीस लाभली आहे. कामठीजवळून कन्हान वाहते. या पाण्यावर सुटीचा आनंद लुटण्याची परंपराही जुनी आहे. तिचा इतिहास पाहू लागलो म्हणजे मात्र आपण ज्याला विसरलो असा एक माणूस समोर येतो.

कामठीची लष्करी छावणी 1821 साली वसली. पुढे 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाले आणि 1867 मध्ये मुंबईकडून रेल्वे येऊन पोहोचली. छावणी, कचेऱ्या व रेल्वे यांच्याबरोबर गोरे अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर गळाने मासे पकडण्याचा छंदही आला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहून आपल्या नद्यांतील महासीर माशाची कीर्ती साहेबलोकांत पसरविली. गळ कोणता, दोरी केवढी, आमिष कसले याची शास्त्रशुद्ध चर्चा अशा ग्रंथांतून सापडते. गळ टाकणारा तेथे नायक असतो. नाव वल्हविणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी नोंदवितो.

तो माणूस म्हणजे आमच्या विदर्भाचा ढिवर. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे आणि शिंगाड्याची लागवड हे या समाजाचे व्यवसाय सांगितले आहेत. दुसऱ्यांचा भार वाहणे हेच जणू त्याचे भागधेय.

उन्हाळा हा त्याच्या तयारीचा काळ. तलाव आटू लागले की मासळी खोल पाण्यात गोळा होते. काठावर ओढून घेतलेल्या नावेचे शेवाळ खरवडायचे, फळ्यांच्या फटींत कापूस किंवा चिंध्या ठोकून वर डांबर द्यायचे आणि मग ती उथळ पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून सांधे मिटतात. एका सलग खोडातून कोरलेला डोंगा भर उन्हात टाकला तर तडकतो; म्हणून त्याला सावली हवी, नाहीतर पाणी. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथातून नव्हे, बापाकडून मुलाकडे येते.

आम्हां ख्रिस्ती कुटुंबांचाही या माणसाशी जुना ऋणानुबंध आहे. उपवासकाळ नेमका तलाव आटण्याच्या दिवसांत येतो. समुद्रापासून इतक्या दूर, शुक्रवारच्या ताटात मासा पडे तो ढिवराच्या जाळ्यातलाच.

काळाच्या ओघात पाण्याचे धनी बदलत गेले. सुरुंगाने व विषाने मासे मारण्यास 1897 च्या कायद्याने बंदी घातली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि गावोगावचे मालगुजारी तलाव सरकारकडे आले. रोहू, कटला हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप प्रजनन करीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 1957 मध्ये प्रेरित प्रजननाची पद्धत यशस्वी केली आणि तलावांत बीज सोडणे सोपे झाले. मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नौकाविहारासाठी आता सहली जातात.

परंतु आनंदाची नाव वाढली, तशी तयारीची परंपरा वाढली काय? 9 जुलै 2017 रोजी नागपूरनजीकच्या वेणा जलाशयात सहलीस आलेल्या तरुणांची नाव उलटली आणि अनेक घरांत अंधार झाला. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात वर्धा नदीत लहानशी नाव उलटून अकरा जण बुडाले. दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी आम्ही लिहीत नाही. पण अशा बातम्या वाचताना मनात येते की, नावेत किती माणसे बसावीत आणि वारा सुटला की कधी परतावे, हे ज्याला कळते त्याचा शब्द आपण मानतो काय? भाडे दिले की नाव आपली झाली, असे आपणांस वाटते.

मत्तयलिखित शुभवर्तमानात याकोब आणि योहान यांना प्रभूची हाक आली, तेव्हा ते बापासह तारवात बसून जाळी नीट करीत होते. जाळी नीट करणे हे लहान काम नव्हे, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगायला नको.

या सुटीत आपल्या धर्मग्रामातील मुलांना तलावावर अवश्य न्यावे. गळ टाकू द्यावा, वल्हे हाती घेऊ द्यावे. मात्र नावेत पाय ठेवण्यापूर्वी काठावरच्या ढिवरकाकांना मुलांनीच विचारावे, “काका, हिच्यात किती जणांनी बसायचं?” त्यांनी चार म्हटले, तर पाचव्याने काठावर थांबावे, तो पाचवा आपला लाडका असला तरी.