सिसलॉग-खोळंबा
नोंदी ठेवणारी सेवा अडकल्यामुळे संपूर्ण संगणक ठप्प होण्याची स्थिती. युनिक्स व लिनक्स प्रणालींत बहुतेक सेवा आपल्या घडामोडी सिसलॉग या नोंद-सेवेकडे पाठवतात. ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे सेंडमेल या ई-मेल प्रणालीसाठी तयार केली. तिचे आजचे प्रमाण, आरएफसी ५४२४, २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रोग्रॅम आपला संदेश स्थानिक सॉकेटमध्ये टाकतो. सेवा तो उचलून फाइलमध्ये लिहिते. डिस्क अडली किंवा टीसीपीने जोडलेला दूरचा सर्व्हर प्रतिसाद देईनासा झाला, की सेवा थांबू शकते व सॉकेटची रांग भरते. मग संदेश पाठवणारा प्रत्येक प्रोग्रॅम रांगेत जागा मिळेपर्यंत खोळंबतो. लॉगिन, एसएसएच, सुडो, क्रॉन नोंद करूनच पुढे सरकतात. त्यामुळे प्रोसेसर रिकामा असूनही पासवर्ड दिल्यावर पडदा स्तब्ध राहतो आणि दुरुस्तीसाठी प्रशासकालाही आत शिरता येत नाही. आधीच उघडे असलेले रूट सत्र हाताशी असल्यास सेवा पुन्हा सुरू करताच अडकलेली कामे सहसा मोकळी होतात.

प्रतिबंधक उपाय : दूरस्थ नोंदींसाठी डिस्कवर स्वतंत्र रांग, रांग भरल्यास कमी महत्त्वाचे संदेश गाळण्याची मुभा, संदेशांच्या वेगावर मर्यादा आणि रांगेच्या लांबीवर सतत देखरेख.