अस्सल बरहुकूम नक्कल

जुनी मराठी कागदपत्रे चाळताना एक शेरा पुष्कळदा भेटतो – 'अस्सल बरहुकूम नक्कल'. म्हणजे हा मूळ कागद नव्हे, मुळाशी ताडून केलेली प्रत आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःच सांगून टाकलेले असते. नक्कल करण्यात कमीपणा नव्हता. नक्कल अस्सल म्हणून खपवण्यात मात्र होता.

हा शेरा अलीकडे मला आठवला तो अगदीच भलत्या विषयात, अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या लिलावात. आमच्या घरातल्या मुलांना गाड्यांचे वेड आणि मला कागदांचे. त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता ध्यानात आले की त्या लिलावांत मोटारींइतकाच कागदांचाही बाजार चालतो. इतिहासाच्या तासाला आम्ही ज्याला साधनचिकित्सा म्हणत होतो, तीच विद्या तिथे लाखो डॉलरांचा फैसला करते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. मूळ कंपनी जनरल मोटर्सचा नियम असा होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टियाकच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवी गाडी न काढता त्यांनी हे इंजिन ग्राहकाने मागितल्यास मिळणारा 'पर्याय' म्हणून देऊ केले आणि त्याला नाव दिले जीटीओ. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. ३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्या ॲम्बॅसडरचे इंजिन दीड लिटरचे होते, त्यावरून कल्पना यावी. साध्या गाडीच्या अंगात पहिलवानाची ताकद, म्हणून या गाड्यांना मसल कार म्हणू लागले. फोर्ड, शेव्हरले, डॉज, प्लिमथ सगळेच या शर्यतीत उतरले. १९७० नंतर प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते भडकले, १९७३ साली तेलाचा तुटवडा आला आणि खेळ आटोपला. सगळा मिळून दहा वर्षांचा काळ.

आता खोटेपणाची बीजे कुठे आहेत ते पाहा. ती त्या 'पर्याय' या शब्दातच आहेत. दुर्मीळ गाडी आणि साधी गाडी यांचा सांगाडा एकच. फरक इंजिनाचा, काही पट्ट्यांचा, बिल्ल्यांचा. प्लिमथ बॅराकुडाच्या 'कुडा' प्रकारात ४२६ घनइंचांचे 'हेमी' इंजिन घ्यायला १९७० साली सुमारे ८७० डॉलर जास्त मोजावे लागत. लोकांना ते महाग वाटे, म्हणून फार थोड्यांनी घेतले. १९७१ सालच्या उघड्या टपाच्या हेमी कुडा जेमतेम डझनभर बनल्या. त्यांतली एक जून २०१४ मध्ये सिॲटलला मेकम कंपनीच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. त्याच सालची, त्याच कारखान्यातली, पण साध्या इंजिनाची गाडी याच्या लहानशा अंशाला मिळते. मग साध्या गाडीत हेमी इंजिन घालून बिल्ले चिकटवण्याचा मोह कोणाला होणार नाही?

म्हणून जाणकार गाडी पाहायला जातो तेव्हा चकाकीकडे पाहत नाही, साक्षीदार गोळा करतो.

पहिला साक्षीदार म्हणजे गाडीवर ठोकलेला क्रमांक. १९८१ पासून अमेरिकेत सर्व कंपन्यांना सतरा अक्षरांची एकच पद्धत लागू झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी होती. १९७० आणि १९७१ च्या क्रायस्लर गटातल्या गाड्यांत क्रमांकाचे पाचवे अक्षर इंजिन सांगते, आणि ते 'आर' असेल तर गाडी जन्मतः हेमी. ते बदलायचे तर क्रमांकच बदलावा लागतो, आणि तो तिकडच्या संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. पण १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा क्रमांक साध्या टेम्पेस्टच्याच माळेतला. १९६६ पासून तिला स्वतंत्र आकडा मिळाला. १९७० ची शेव्हरलेची शेव्हेल एसएसही तशीच, तिचा क्रमांक एसएसबद्दल काही बोलत नाही. म्हणजे कुठे क्रमांक बोलतो, कुठे मुका राहतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे इंजिन. ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यावर तो ओतल्याची तारीख उठवलेली असते आणि मशिनवर तासलेल्या जागी गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर गाडी 'मॅचिंग नंबर्स' ठरते. खोटे करणारे जुना आकडा घासून नवा ठोकतात. पण कारखान्यातल्या यंत्राने तासल्याच्या बारीक समांतर रेषा त्या घासण्यात नाहीशा होतात. आणि तारखेचा घोळ तर हमखास पकडून देतो. फेब्रुवारीत जुळणी झालेल्या गाडीत मार्चमध्ये ओतलेले इंजिन असेल, तर ते तिचे जन्माचे इंजिन नव्हे. सनदेवर तारीख आधीची आणि मजकुरात उल्लेख नंतरच्या घटनेचा असला, की इतिहासकार ती बाजूला ठेवतो. इथेही तेच.

तिसरा साक्षीदार मला सगळ्यात आवडला. जुळणीच्या रांगेत कोणत्या गाडीला काय बसवायचे याचा एक छापील कागद गाडीबरोबर फिरत असे. काम झाले की कामगार तो कुठेतरी खुपसून देत. क्रायस्लरच्या गाड्यांत तो मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत सापडतो, जनरल मोटर्सच्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवर. त्या कामगाराच्या लेखी तो कचरा होता. आज तेल लागलेला, उंदरांनी कुरतडलेला तो कागद मिळाला तर मालक तो काचेच्या चौकटीत लावतो. कोणाला फसवण्यासाठी नव्हे, रोजच्या कामासाठी लिहिलेला कागद सगळ्यात खरा बोलतो. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचाही भर बखरींपेक्षा अशाच रोजच्या पत्रव्यवहारावर होता.

चौथा साक्षीदार म्हणजे कंपनीचे दफ्तर. इथे नशिबाचा भाग आला. पॉन्टियाक हे नावच २०१० साली बंद झाले, पण तिच्या कारखान्याच्या बिलांच्या नोंदी एका संस्थेने सांभाळल्या आहेत आणि पैसे भरले की गाडीची प्रत मिळते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी केविन मार्टी या गृहस्थांनी कंपनीच्या परवान्याने घेतल्या. त्यांच्याकडचा 'मार्टी रिपोर्ट' आज फोर्डच्या जुन्या गाड्यांचा जन्मदाखला मानला जातो. शेव्हरलेच्या अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या गाड्यांच्या अशा तपशीलवार नोंदी मात्र फारशा उरल्या नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या जनरल मोटर्सच्या तिथल्या शाखेने जपल्या. एका कंपनीच्या दोन दफ्तरांचे हे दोन निकाल. कोणी कारकुनाने कपाट रिकामे केले की नाही, एवढ्यावर पन्नास वर्षांनी गाडीचे मोल ठरते.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्यात हे सगळे साक्षीदार एकत्र आले. १९६८ साली 'बुलिट' नावाचा चित्रपट आला. नायक स्टीव्ह मॅक्वीन. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर सुमारे अकरा मिनिटांचा मोटारींचा पाठलाग त्यात आहे. त्यासाठी हिरव्या रंगाच्या दोन फोर्ड मस्टँग घेतल्या होत्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या. त्यांतल्या एकीचा क्रमांक ८आर०२एस१२५५५९. वाचायचा असा : ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०२ म्हणजे उतरत्या टपाची फास्टबॅक, एस म्हणजे ३९० घनइंचांचे इंजिन, पुढे अनुक्रमांक.

दोन-तीन हात फिरून ही गाडी १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने मासिकातली जाहिरात पाहून ६,००० डॉलरला घेतली. घरची बाई शाळेत शिक्षिका, ती या गाडीने शाळेत जायची! डिसेंबर १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. त्यांनी दिली नाही, पण पत्र जपून ठेवले. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी घरातच उभी राहिली. पुढे कुटुंबाने गाव बदलले, गाडीही बरोबर गेली. जग समजत होते ती हरवली. वडील २०१४ साली वारले. मुलाने कागद पुढे केले, जाणकारांनी क्रमांक ताडून पाहिला, खालच्या बाजूला कॅमेरे बसवण्यासाठी केलेली वेल्डिंग पाहिली आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथे मेकमच्या लिलावात हातोडा ३४ लाख डॉलरला पडला. लिलाव कंपनीचे शुल्क धरून ३७ लाख ४० हजार. लिलावात विकल्या गेलेल्या मस्टँगचा तो त्या वेळचा उच्चांक होता.

लक्षात घ्या, या गाडीचा रंग उडालेला होता, पत्रा गंजलेला होता. कुटुंबाने हौसेने नवा रंग दिला असता, वेल्डिंग घासून साफ केले असते, तर त्या जागी एक सुंदर हिरवी मस्टँग उभी राहिली असती आणि अर्धे साक्षीदार मारले गेले असते. आपल्याकडे जुन्या देवळांना ऑइलपेंट फासतात तेव्हा हेच होते.

आणि तिची जुळी बहीण? स्टंटसाठी वापरलेली दुसरी मस्टँग २०१७ साली मेक्सिकोत मोडीत पडलेली सापडली. ती ज्यांच्या हाती आली होती, ते तिच्यावरून दुसऱ्याच एका चित्रपटातल्या मस्टँगची नक्कल बनवायला निघाले होते! कोणीतरी वेळेवर क्रमांक तपासला आणि मार्टींनी तो खरा असल्याचे सांगितले. नाहीतर अस्सल वस्तू कापून तिची नक्कल तयार झाली असती.

लिलावाबद्दल एक सांगायला हवे. तिथे गाडी सहसा 'आहे तशी' विकतात. पुस्तिकेतले वर्णन मुख्यतः विकणाऱ्याचे असते, आणि हातोडा पडला की खरेदीदार बांधील. म्हणून शहाणा माणूस बोली लावण्याआधी आपला जाणकार नेतो, गाडी उचलून खालून बघतो, कागद गाडीशी आणि कागद कागदाशी ताडतो. आता तर इंजिनाच्या खोलीत लावायच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि जुळणीचे कागदसुद्धा नवे बनवून मिळतात. त्यामुळे एकटा कागदही पुरत नाही. चारही साक्षीदारांनी एकच हकीकत सांगितली पाहिजे.

साध्या गाडीवर हौसेने हेमी चढवणाऱ्यांना मी दोष देत नाही. तिकडे अशा गाडीला उघडपणे 'क्लोन' किंवा 'ट्रिब्यूट' म्हणतात आणि तिचा भाव तसा लावतात. हाच त्यांचा 'अस्सल बरहुकूम नक्कल'चा शेरा. फसवणूक सुरू होते ती शेरा पुसल्यावर. दोनचार हात बदलले की नंतरचा मालक प्रामाणिकपणेच खोटे बोलू लागतो, आणि ते खोटे निस्तरणे मग फार कठीण होते.

असो. हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींना जाता जाता एकच सांगणे. आपल्याकडे लाखांची मस्टँग नाही, पण माळ्यावर जुन्या पावत्या, खरेदीखते, पत्रे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मला दाखवा.