द स्टँड
अमेरिकन लेखक स्टीफन किंग (जन्म १९४७) यांची भयकादंबरी. डबलडे या प्रकाशनसंस्थेने ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. लष्करी प्रयोगशाळेतून निसटलेला फ्लूचा विषाणू जवळजवळ सगळी माणसे मारतो. उरलेल्यांपैकी काही वृद्ध मदर अ‍ॅबगेलच्या ओढीने कोलोरॅडोतील बोल्डरला, तर काही रँडल फ्लॅग या दुष्टाभोवती लास व्हेगासमध्ये जमतात. पॅटी हर्स्ट अपहरणावरील कादंबरी काही केल्या जुळेना, तेव्हा १९६८ मध्ये युटातील डगवे या लष्करी चाचणीक्षेत्राजवळ हजारो मेंढ्या मेल्याची घटना किंग यांना आठवली आणि हे कथानक आकाराला आले. हस्तलिखित अवाढव्य होते. किंमत आवाक्यात राहावी म्हणून प्रकाशकांनी सुमारे ४०० पाने कमी करायला लावली. कात्री किंग यांनी स्वतःच चालवली. वगळलेला बराचसा मजकूर परत घालून, कथाकाळ पुढे सरकवून, बर्नी राइटसन यांच्या चित्रांसह १९९० मध्ये विस्तारित आवृत्ती निघाली. हजार पानांपलीकडे जाणारी ही आवृत्ती मध्यावर रेंगाळते. साथ पसरण्याची सुरुवातीची प्रकरणे मात्र विलक्षण प्रभावी आहेत. कादंबरीवर १९९४ व २०२० मध्ये मालिका निघाल्या.