कोंबड्यांनी राखलेली आगगाडी

जुनी वस्तू जपणे आणि जुनी वस्तू न टाकणे या दोन गोष्टी एकच, असा आपला एक समज असतो. तो खरा असता तर आमच्या घरातला माळा एव्हाना वस्तुसंग्रहालय झाला असता. माळ्यावर बिनदांड्याच्या छत्र्या आहेत, बूड गेलेली पातेली आहेत आणि 'कधीतरी उपयोगी पडेल' या एका वाक्यावर गेली चाळीस वर्षे तगून असलेली सायकल आहे. यातले काहीही जपलेले नाही. फक्त टाकलेले नाही. पण इंग्लंडात ससेक्स परगण्यात पुतण्याकडे राहायला गेलो असताना एक रेल्वे पाहिली आणि 'न टाकणे' या आळशी सद्गुणाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

या रेल्वेचे नाव ब्लूबेल. वसंतात रुळांच्या बाजूच्या रानात त्या नावाची निळी फुले येतात, त्यावरून हे नाव पडले. नावावरून वाटते, गाडी लाजतमुरडत धावत असेल. पण तिचा पूर्वेतिहास चांगलाच भांडकुदळ आहे. लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड हा फाटा १८८२ साली सुरू झाला. १९५५ साली ब्रिटिश रेल्वेने हिशेब मांडला, फाटा आतबट्ट्याचा आहे असे ठरवले आणि गाड्या बंद केल्या. आपल्याकडे अशा वेळी मोर्चा निघतो. तिथे चेली गावच्या मिस मॅज बेसेमर या बाईंनी मूळ कायदा काढून वाचला! पोलाद बनवण्याची नवी रीत शोधणारे सर हेन्री बेसेमर हे यांचे आजोबा. म्हणजे रुळांशी बाईंचे नाते अगदी घरचे. १८७७ आणि १८७८ सालच्या त्या कायद्यांत लिहिले होते की, या मार्गावर रोज चार गाड्या सोडल्याच पाहिजेत.

झाले! १९५६ साली रेल्वेला झक मारत गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. पण कशा? रुसलेल्या माणसाने पाहुण्यांना ताट वाढावे तशा. मोजून चार गाड्या, त्याही गैरसोयीच्या वेळेला. आणि बारकोम व किंग्जकोट या दोन स्टेशनांची नावे कायद्यात नव्हती म्हणून तिथे गाडी थांबायचीच नाही. लोक तिला 'रुसकी गाडी'च म्हणू लागले. शेवटी पार्लमेंटकडून ते कलम रद्द करून घेऊन मार्च १९५८ मध्ये रेल्वेने हा फाटा कायमचा बंद केला.

कायमचा म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे. काही कॉलेजातल्या पोरांनी पुढाकार घेतला, १९५९ साली संस्था निघाली आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी शेफील्ड पार्क स्टेशनातून हौशी लोकांची गाडी सुटली. पुन्हा ईस्ट ग्रिन्स्टेड गाठायला मात्र २०१३ साल उजाडले. कारण वाटेतली एक खोल खिंड मधल्या काळात घरोघरच्या कचऱ्याने भरून टाकली होती. या लोकांनी तो कचरा उपसला आणि त्यातला बराचसा आगगाडीनेच बाहेर धाडला. कचऱ्याला रेल्वेने जाण्याचा असा मान क्वचितच मिळाला असेल.

आता, जुनी रेल्वे म्हटली की जो तो इंजिनाकडे धावतो. इंजिन म्हणजे नवरदेव. फोटो त्याचे, कौतुक त्याचे, धूर काढला तरी कौतुक! डबे म्हणजे वऱ्हाड. पण नुसत्या नवरदेवाने लग्न होत नाही, आणि तिकिटाचे पैसे देणारा माणूस डब्यातच बसतो. ब्लूबेलवाल्यांनी हे लवकर ओळखले. १९६१ साली त्यांनी लंडनजवळच्या चेशम फाट्यावर धावून थकलेले मेट्रोपॉलिटन रेल्वेचे चार डबे घेतले. ते साधारण १८९८ ते १९०० या काळात बांधलेले होते आणि १९६० पर्यंत चाकरीत होते. साठ वर्षे नोकरी! आम्हांला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ दिला.

पण त्याहून जुने डबे आणायचे कुठून? त्यांची लाकडी धडे रेल्वेने केव्हाच विकून टाकली होती. चाके आणि लोखंड काढून घ्यायचे आणि वरची लाकडी खोली मागेल त्याला द्यायची, हा त्या काळचा रिवाज. ससेक्सच्या किनाऱ्यावर शोरहॅम येथे अशा डब्यांची एक वस्तीच उभी राहिली होती. तिला 'बंगला टाऊन' म्हणत. दोन डबे समांतर ठेवायचे, मधल्या जागेवर पत्रे टाकायचे की झाला बंगला. डब्याची दारे ती घराची दारे. एका घराला एवढी दारे म्हणजे सावकार आला तर पळून जायला उत्तम सोय! १९४० साली जर्मन उतरतील या भीतीने त्या वस्तीचा मोठा भाग पाडून टाकला. पण इतर ठिकाणी, शेतांत, परसांत, बागांत, असे डबे राहिले. कोणी त्यात अवजारे ठेवली, कोणी गवत ठेवले, कोणी संसार केला आणि पुष्कळांनी कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांना डब्याचा वर्ग कोणता याची फिकीर नव्हती. पण त्या भिजू नयेत म्हणून मालकाने छपरावर पत्रा ठोकला आणि त्या पत्र्याखाली एकोणिसाव्या शतकातला डबा सुखरूप राहिला.

हे डबे दुरुस्त करण्याचा कारखाना हॉर्स्टेड कीन्स स्टेशनात आहे. वरून पाहायला एक सज्जाही ठेवलेला आहे. पुतण्या म्हणाला, "काका, दहा मिनिटांत पाहून होईल, मग चहा घेऊ." तिसऱ्या तासाला तो एकटाच जाऊन चहा पिऊन आला.

खाली काम करणारे बरेचसे लोक माझ्याच वयाचे होते. कोणी रंधा मारीत होता, कोणी काचकागद घासत होता. डब्याच्या सांगाड्यातला खालचा तुळवा आधी कुजतो, कारण पाणी उतरून तिथेच मुरते. मग सगळा तुळवा काढायचा नाही. कुजका भाग तेवढा कापायचा आणि चांगल्या लाकडाचा तुकडा तिरपा जोड देऊन बसवायचा. रंग खरवडताना थराखाली थर लागतात: घरमालकाचा हिरवा, त्याखाली आधीच्या मालकाचा पांढरा, आणि अगदी तळाशी रेल्वेचा मूळ रंग. दारावर वर्गाचा आकडा निघतो. वॉलपेपर ओढला की पाठीमागे सामान ठेवण्याच्या फळीची भोके दिसतात. आसनांत घोड्याचे केस भरायचे, खिडकीला वरखाली करण्यासाठी भोकांचा चामडी पट्टा लावायचा, छपरावर कॅनव्हास ताणायचा. मग रंग. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा. असे डझनभर हात झाल्यावर डबा आरशासारखा दिसतो, आणि मग त्यावर इंजिनाची काजळी बसते.

एका पटाशीवाल्या आजोबांना मी विचारले, "हा डबा किती दिवसांत होईल?"

"दिवसांत?" त्यांनी चष्मा वर केला. "या दारावर मी गेला हिवाळा घालवला."

"आणि यात मूळचं लाकूड किती उरलंय?"

ते डब्यावर हात फिरवीत म्हणाले, "जेवढं काढणं भाग पडलं नाही, तेवढं."

असे उत्तर मला आयुष्यात एकाही सुताराने दिलेले नाही. आमचा सुतार पलंगाचा पाय कुरकुरतो म्हटले की म्हणतो, "साहेब, नवीनच करून टाकू." यात त्याचे लाकूड विकले जाते आणि माझा पलंग जातो. या आजोबांचा जीव मात्र जुन्यातले चार इंच लाकूड वाचवण्यात अडकला होता, कारण ते चार इंच गेले की डबा नुसता दिसायला जुना राहील.

दुरुस्त झालेल्या एका डब्यात मी बसलो, तो तिसऱ्या वर्गाचा. इंग्लंडात या वर्गांचा एक गमतीदार घोळ आहे. मिडलंड रेल्वेने १८७५ साली दुसरा वर्ग मोडीत काढला आणि तिसऱ्याला गाद्या दिल्या. हळूहळू इतर कंपन्यांनीही तेच केले. मग कित्येक वर्षे गाडीत पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग! १९५६ साली तिसऱ्याचे नाव बदलून दुसरा केले. आपल्याकडचा तिसरा वर्ग १९७४ साली असाच वर चढला. परीक्षा न देता वरच्या वर्गात गेलेले आपले कोट्यवधी प्रवासी हा एक जागतिक विक्रम असावा.

त्या डब्यात बसल्यावर मात्र मनात एक हिशेब सुरू झाला. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली बांधलेला डबा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा डबा आहे. ते पाहून डोळे निवतात. राजाची वस्तू जपायला कोणाला सांगावे लागत नाही. पण गांधीजींनी १९१७ साली ज्याच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली, तो तिसरा वर्ग? १९०६ साली पंढरपूरला पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवर आमच्या आजोबांसारखे किती वारकरी दाटीवाटीने बसून गेले. आता तिथे रुंद रूळ आहेत, गाडी वेगाने जाते, आणि ते योग्यच झाले. आषाढीला निघालेल्या माणसाला जुन्या डब्याचे कौतुक सांगू नये. पण आजोबा ज्या बाकावर गुडघे जुळवून बसले ते बाक किती अरुंद होते, हे नातवाला आता बसून कळणार नाही, वाचूनच कळेल. आणि बाकाचा अरुंदपणा वाचून कळत नाही.

म्हणून वाचकहो, एखाद्या लोहमार्गाकाठच्या गावात परसात जुनी लाकडी खोली दिसली, आणि तिला एका बाजूला उगाचच चार दारे असली, तर मालकाला एवढेच विचारा की आत कोंबड्या आहेत का. असल्या तर काळजी नको. डबा सुरक्षित आहे. कोंबड्या विकून तिथे तो स्लॅब टाकणार असेल, तर मात्र घाई करा. रंधा घेऊन येणारे आजोबा आपल्याकडेही निघतील. निवृत्त माणसांची टंचाई आपल्या देशात तरी नाही.