अपघाताची वर्दी आणि इतिहासाचें साधन

लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांस बालपरवेशी दिल्याच्या नोंदी पेशवे दप्तरांत आढळतात. सरकारास पैसा द्यावा लागला म्हणून कागद झाला, आणि कागद झाला म्हणून त्या शिपायाचें नांव आज आम्हांस कळतें. यंत्राखालीं सांपडलेल्या कामकऱ्यांचा इतिहासहि याच न्यायानें तपासला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

कारखान्यांतील अपघाताची वर्दी सरकारास देण्याचें बंधन हिंदुस्थानांत १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें मालकांवर घातलें. परंतु ज्या कारखान्यांत शंभराहून कमी माणसें असत, किंवा जे वर्षांतून चार महिन्यांहून अधिक चालत नसत, ते या कायद्याबाहेर राहिले. शिवाय वर्दी म्हणजे भरपाई नव्हे. जखमी गिरणीकामगारास बरा होईपर्यंत पगार मिळावा व तो कायमचा पंगु झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८८४ सालीं मुंबईस झाली. भरपाईचा कायदा मात्र १९२३ सालीं झाला, व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला.

आतां नगर जिल्ह्याकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतर हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. पुढें १९५० च्या अखेरीस लोणीस सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें. १९४८ च्या कायद्याप्रमाणें अशा कारखान्यांत कोणी मेला, किंवा इजेमुळें ४८ तास वा अधिक काळ कामास मुकला, तर व्यवस्थापकानें वर्दी देणें प्राप्त होतें. ती निरीक्षकाकडे जाई. लोकांपुढें वार्षिक अहवालांतील आंकडा तेवढा येई. पण ज्या उसावर कारखाना चाले, तो तोडणारा पाथर्डी-जामखेडकडील मजूर मुकादमाची उचल घेऊन फडांत उतरे. फड हा त्या कायद्याच्या व्याख्येंत कारखाना नव्हे. तेव्हां चरकांत सांपडलेल्या हाताची वर्दी जाई. कोयत्यानें तुटलेल्या बोटाची, त्या कायद्यान्वयें, जात नसे.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, कायद्याची सीमा तीच दप्तराची सीमा झाली. अहवालांच्या आंकड्यांवरून साखरधंद्यांतील अपघातांचें मान ठरवूं पाहणारानें फडाविषयींचें मौन म्हणजे निर्धोकपणा समजूं नये. नोंद नाहीं, याचा अर्थ जखम नाहीं असा होत नाहीं. मुकादमांच्या हिशेबवह्या, दवाखान्यांचीं रजिस्टरें आणि वृद्ध तोडकऱ्यांच्या जबान्या, हीं साधनें वेळींच जमविलीं पाहिजेत. नाहीं तर बालपरवेशीच्या शिपायाचें नांव राहील, आणि ज्यांच्या श्रमावर जिल्ह्याची साखर पिकली त्यांचें राहणार नाहीं.